कढईभर तेलाशिवाय मासे: न चिकटता, न मोडता, कमी पसाऱ्यात

तळणी बंद करून तव्यावर मासे करायला घेतले, तरी मसाला तव्यालाच चिकटतो, तुकडी उलटताना मोडते, शेगडीभोवती शिंतोडे उडतात आणि वास दुसऱ्या दिवसापर्यंत जात नाही. बडोद्यातल्या मराठी घरांमधून ही तक्रार इतक्या वेळा ऐकू येते, की सगळी कृती क्रमाने एका जागी लिहून ठेवावीशी वाटली. चूक बहुतेक वेळा एकच असते: मासा ओला असताना तव्यावर जातो. शिंतोडे उडवतं ते पाणी. माशावरचा ओलावा तापलेल्या तेलाखाली सापडला की त्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ तेल घेऊन वर येते. मग तेल कढईभर असो की दोन चमचे, ओटा तेलकट व्हायचा तो होतोच. मासा चिकटतो तोही याच कारणाने. ओला पृष्ठभाग तापायला वेळ लागतो आणि तेवढ्यात मांसातली प्रथिनं तव्याच्या धातूला धरून बसतात.

म्हणून या लेखाचा मोठा भाग शेगडी पेटवण्याआधीच्या कामांचा आहे. तो वगळून थेट तव्याकडे जाऊ नका. प्रमाण सगळीकडे अर्धा किलो साफ केलेल्या तुकड्यांचं धरलं आहे.

## टप्पा १: मासा कोणता, पद्धत कोणती

पद्धत बाजारात जायच्या आधी ठरवा, म्हणजे मासा तसा कापून घेता येतो.

तव्यासाठी पापलेट, सुरमई, हलवा आणि रावस उत्तम. तुकडी साधारण दीड सेंटिमीटर जाडीची हवी. मासेवाला सवयीने रस्स्याच्या जाड तुकड्या पाडतो. त्या तव्यावर बाहेरून करपतात आणि काट्याजवळ कच्च्या राहतात. त्याने सुरी लावायच्या आधीच बोटांनी जाडी दाखवा.

रोहू आणि कटला आपल्याकडे वर्षभर मिळतात, उकाईसारख्या धरणांतले आणि तळ्यांत वाढवलेले. यांच्या पाठीकडच्या आणि शेपटीकडच्या मांसात बारीक दुफाटे काटे असतात. पोटाकडच्या तुकडीत फक्त मोठे, सहज दिसणारे काटे असतात. घरात लहान मुलं किंवा वयस्कर माणसं जेवणार असतील तर पोटाकडच्याच तुकड्या मागून घ्या. त्या तव्यावर छान होतात.

बांगडा आणि पावसाळ्यात भरूचकडून येणारा हिलसा यांच्या अंगात स्वतःची चरबी भरपूर असते. तव्यावर ती वितळून धूर करते, आणि घरात रेंगाळणारा वास बराचसा त्या धुराचा असतो. बांगडा ओव्हनमध्ये आणि हिलसा केळीच्या पानात केलात तर निम्मी चिंता मिटते.

इथल्या बाजारात बुमला म्हणून मिळणाऱ्या बोंबलात पाणी इतकं असतं, की तो तसाच तव्यावर टाकला तर त्याचा लगदा होतो. तो मधून चिरून उघडावा, मधला काटा काढावा, मीठ लावून दोन स्वच्छ कापडांच्या मधे ठेवावा आणि वर पाट ठेवून पाटावर वजन द्यावं. तासाभराने कापड चिंब होतं. एवढं करायला वेळ नसेल तर त्या दिवशी बोंबील आणू नका.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि गुजरातने अलीकडे ही बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवली आहे. त्या दिवसांत दिसणारं पापलेट आणि सुरमई बहुधा गोठवलेली असते. ती घेण्यात वावगं काही नाही, फक्त ती जास्त पाणी सोडते हे लक्षात ठेवून तिसरा टप्पा अधिक काळजीने करा. नाहीतर तेवढे महिने सरळ रोहू-कटला आणा.

तपासणी: डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, बोटाने दाबलेलं मांस लगेच वर येणारं. कापलेल्या तुकड्या घेत असाल तर काट्यालगतचं रक्त तपकिरी झालेलं नको.

सावधान: बांगडा, सुरमई आणि टूना हे मासे उबेत राहिले तर जिवाणूंमुळे त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं. शिजवल्याने, भाजल्याने किंवा नंतर गोठवल्याने ते जात नाही. वासावरून ते नेहमी कळतंच असंही नाही. खाताना जीभ चुरचुरली, तोंड लाल झालं, डोकं ठणकलं तर ताट बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४० अंशांच्या वर असतो. त्यामुळे भाजी, किराणा आधी उरकून मासे सगळ्यात शेवटी घ्या, बर्फासकट बांधून घ्या आणि स्कूटरच्या तापलेल्या डिकीत ठेवू नका.

## टप्पा २: ओटा आधी मांडा

मसाल्याचे हात घेऊन डबे उघडण्यात आणि नळ सोडण्यात जितका पसारा होतो, तितका शिजवताना होत नाही. म्हणून मासा पिशवीतून काढायच्या आधी एवढं करा.

१. एक्झॉस्ट पंखा सुरू करा. वास भरल्यावर नाही, आधी. स्वयंपाकघराचं दार लावा आणि बाहेरची खिडकी उघडा. हवा बाहेर जायला वाट हवी तशी आत यायलाही हवी. कपाटं, वाळत घातलेले कपडे आणि चपातीचा डबा झाकून किंवा हलवून टाका.

२. शेगडीच्या मागच्या भिंतीला आणि ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरा. शेगडीपासून हातभर लांबच, जाळाजवळ कागद नको.

३. दोन ताटं वेगळी काढा, एक कच्च्या माशाचं आणि एक शिजलेल्याचं. कच्च्याचं ताट पुसून त्यातच शिजलेले मासे काढण्याची सवय अनेक घरांत आहे. ती आजच मोडा, कारण कच्च्या माशावरचे जंतू त्याच वाटेने पोटात जातात.

४. तेल वाटीत, रवा-पीठ ताटलीत, तिखट-मीठ छोट्या वाट्यांत काढून ठेवा. आता डबे कपाटात परत.

५. कचऱ्यासाठी एक घट्ट बांधता येणारी पिशवी. खवले, कल्ले, टिश्यू, सगळं तिच्यात. कचऱ्याची गाडी सकाळी येते आणि मासे रात्री झाले, तर ही पिशवी गाठ मारून, दुसऱ्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. वासाची अर्धी तक्रार या पिशवीमुळेच असते आणि दोष मात्र तव्याला लागतो.

मजल्यावर शाकाहारी शेजारी असतील तर जिन्याकडे उघडणारं दार आणि त्यावरची झडप बंद ठेवा. धूर बाल्कनीच्या बाजूने जाऊ द्या. एकमेकांचा मान राखून राहायचं तर एवढं करायलाच हवं.

## टप्पा ३: धुणं, मीठ आणि कोरडं करणं

सगळा लेख एका टप्प्यात बसवायचा असता तर तो हा असता.

गोठवलेला मासा: आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. चाळणीत ठेवा आणि चाळणीखाली भांडं, म्हणजे सुटलेलं पाणी माशालाच लागून राहणार नाही. गरम पाण्यात टाकून सोडवू नका. बाहेरचा थर मऊ पडतो, आत बर्फ तसाच राहतो आणि तव्यावर गेल्यावर तो बर्फ वितळून शिंतोड्यांचा पाऊस पाडतो. ओट्यावर रात्रभर उघडाही ठेवू नका.

धुणं: वाहत्या नळाच्या जोरदार धारेखाली धुऊ नका. थेंब उडून मोरीच्या कडेच्या धुतलेल्या भांड्यांवर जातात. भांड्यात थंड पाणी घेऊन त्यात हलक्या हाताने धुवा. पोटाच्या आतली काळी पातळ कातडी बोटाने किंवा सुरीच्या पाठीने खरवडून काढा. पाठीच्या काट्याला चिकटून असलेली रक्ताची रेघ नखाने काढा. कडवटपणा आणि उग्र वास मुख्यतः या दोन ठिकाणी असतो, आणि बाजारात साफ करून घेतलेल्या माशातही या दोन्ही गोष्टी राहून गेलेल्या असतात. रोहू साफ करताना पित्ताची पिशवी फुटली असेल तर हिरवट डाग पडलेला भाग कापूनच टाका, धुऊन तो जात नाही.

आंबट, हळद आणि मीठ: अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा हळद आणि एका लिंबाचा रस किंवा दोन चमचे कोकमाचं आगळ तुकड्यांना चोळा. समुद्राच्या माशाला येणारा वास ट्रायमिथाइलअमीन या पदार्थाचा असतो. आंबटाशी त्याचा क्षार बनतो आणि क्षार हवेत उडत नाही, म्हणून वास दबतो. गोड्या पाण्यातल्या माशाला मातीचा वास येतो तो जिओस्मिन या वेगळ्या पदार्थाचा. तोही आंबटात मोडतो. दोन्ही माशांना आंबट लागतं ते असं. वेळ मात्र १५ मिनिटांचीच ठेवा. लिंबात मासा तासन्‌तास ठेवला की त्याची प्रथिनं आंबटातच शिजल्यासारखी गोळा होतात, वरचा थर भुसभुशीत होतो आणि उलटताना तुकडी विखुरते.

तुकड्या चाळणीत तिरक्या उभ्या करून ठेवा. मीठ पाणी बाहेर ओढतं आणि ते खाली निथळतं.

पुसणं: आता परत धुऊ नका. टिश्यूने किंवा फक्त माशांसाठी राखलेल्या जुन्या सुती कापडाने प्रत्येक तुकडी दोन्ही बाजूंनी, कडेने आणि पोटाच्या पोकळीतही टिपा. चोळायचं नाही, दाबून टिपायचं. अख्खं पापलेट असेल तर अंगावर तिरके काप देऊन त्या कापांतलंही पाणी टिपा.

तपासणी: कोरडा टिश्यू तुकडीवर ठेवून तीन बोटांनी दाबा. उचलल्यावर तो ओला झाला असेल तर पुन्हा टिपा. कोरडाच निघाला तरच पुढे जा.

## टप्पा ४: मसाला, घट्ट आणि थोडा

प्रमाण: दोन चमचे लाल तिखट, अर्धा चमचा मीठ, पाव चमचा हळद, एक चमचा धणेपूड, दोन चमचे आल्या-लसणाचं वाटण, एक चमचा तेल, एक चमचा चिंचेचा घट्ट कोळ किंवा आगळ. घरचा काळा मसाला घालायचा असेल तर धणेपूड वगळा. मिठाचा पहिला हात आधीच बसला आहे, हे विसरून नेहमीइतकं मीठ घालू नका.

पाणी अजिबात नको. वाटण मिक्सरमध्ये फिरत नसेल तर पाण्याऐवजी तोच चमचाभर कोळ किंवा तेल घाला. मसाला तुकडीला माखल्यावर ओघळला तर तो पातळ आहे. ओघळलेला मसाला तव्यावर पडून सगळ्यात आधी जळतो.

तव्यासाठी लसूण अगदी बारीक वाटा. भरड लसणाचे कण मासा शिजण्याच्या खूप आधी काळे होतात आणि त्यांचा कडवट धूर होतो. बाजारातले साखर असलेले तयार मसाले तव्यावर टाळा, ते ओव्हनसाठी ठेवा.

मसाला लावून २० मिनिटं पुरतात. जास्त वेळ ठेवायचं असेल तर झाकून फ्रीजमध्ये, तासाभराच्या आत. तव्यावर घालायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा, नाहीतर थंडगार मासा तवा निववतो.

## टप्पा ५: रवा

तीन भाग बारीक रवा आणि एक भाग तांदळाचं पीठ. रव्याने कुरकुरीतपणा येतो, पीठ मसाल्याचा ओलावा पिऊन रव्याला धरून ठेवतं. नुसतं बेसन कमी तेलात कच्चट लागतं. तुकडी रव्यावर ठेवा, तळव्याने हलकेच दाबा, उलटा, पुन्हा दाबा, कडाही बुडवा. मग उभी धरून ताटलीवर एकदा ठोका. सुटा रवा इथेच गळू द्या. तव्यावर गळलेला रवाच दुसऱ्या घाण्याला काळे ठिपके देतो.

दोन-तीन मिनिटं ताटात राहू द्या आणि लगेच तव्यावर घ्या. सगळ्या तुकड्या आधीच घोळवून ठेवू नका. रवा मसाल्यातलं पाणी ओढून ओला होतो आणि तव्यावर साल निघावी तसा सुटतो. पहिला घाणा तव्यावर असताना दुसरा घोळवा.

## टप्पा ६: तव्यावर

तवा. बिडाचा तवा असेल तर तोच घ्या. जाड असल्यामुळे मासा घातल्यावर तो एकदम निवत नाही. मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तापवा. पाण्याचा एक थेंब टाका. तो नाचत नाहीसा झाला की तवा तयार. थेंब पूर्ण उडाल्यावरच तेल घाला.

सावधान: नॉनस्टिक तवा रिकामा असताना मोठ्या आचेवर ठेवू नका. २६० अंश सेल्सियसच्या वर त्याचा लेप बिघडू लागतो आणि त्याची वाफ छातीत घेण्यासारखी नसते. त्यावर आधी तेल घाला, मग मध्यम आच.

तेल. चार तुकड्यांना दीड मोठा चमचा, तव्यावर सगळीकडे पसरलेलं. सिंगतेलाची (शेंगदाणा तेलाची) चव माशाला छान लागते. लाकडी घाण्याचं असेल तर ते रिफाइंड तेलापेक्षा लवकर धुरतं, त्यामुळे आच जपून ठेवा. कपासियाचं (सरकीचं) रिफाइंड तेलही चालतं. तेल हलकं लहरायला लागलं की मासा घालायची वेळ झाली. धूर दिसला तर उशीर झाला. आच कमी करून मिनिटभर थांबा.

घालणं. तुकडी तुमच्या बाजूने टेकवून पलीकडच्या बाजूला सोडा, म्हणजे तेल उडालंच तर ते तुमच्यापासून लांब जाईल. दोन तुकड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा. खच्चून भरलेल्या तव्यात वाफ अडकते, तव्याचं तापमान पडतं आणि मासा भाजण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडतो. एक घाणा वाढला तर वाढू द्या.

थांबणं. आता चार मिनिटं हात लावायचा नाही. मासे मोडतात ते बहुतेक इथेच, कारण मिनिटभरात उलथनं खाली घालून बघितलं जातं. सुरुवातीला मासा तव्याला धरतोच. खालचा थर कोरडा होऊन खरपूस झाला की तो स्वतःहून सुटतो. तवा दांड्याला धरून थोडा हलवा. तुकडी सरकली तर तयार, जागेवरून हलली नाही तर अजून एक मिनिट. कडेने पाहिलं तर मांस खालून वर पांढरं होत जाताना दिसतं. ते निम्म्यापर्यंत आलेलं हवं.

उलटणं. एकदाच. खालून पातळ उलथनं, वरून चमचा किंवा दुसरं उलथनं टेकवून. आणखी अर्धा चमचा तेल कडेने सोडा. दुसरी बाजू तीन मिनिटं.

झाकण ठेवायचं का? शिंतोडे अडवायला झाकण ठेवलं जातं आणि त्यानेच रवा मऊ पडतो. शिवाय झाकणाखाली जमलेलं पाणी उघडताना तेलात पडतं आणि मोठा तडका उडतो. त्यापेक्षा तव्यावर ठेवायची बारीक जाळी वापरा. वाफ जाते, तेल अडतं. जाळी नसेल तर स्टीलची मोठी पिठाची चाळणी उपडी ठेवा. रोहू-कटल्याची तुकडी जाड असेल तरच झाकण, तेही पहिली बाजू उलटल्यावर फक्त दोन मिनिटं. काढताना झाकण वर न उचलता आडवं सरकवून तव्याबाहेर न्या आणि मगच उलटं करा. शेवटचं मिनिट उघड्यावर होऊ द्या.

तपासणी: काट्याजवळ सुरीचं टोक घालून मांस थोडं उचला. काचेसारखी झाक गेलेली आणि पापुद्रे काट्यापासून सहज सुटणारे हवेत. घरात अन्नाचा थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड जागी ६३ अंश सेल्सियस.

काढलेल्या तुकड्या एकमेकींवर रचू नका, जाळीच्या स्टँडवर ठेवा. टिश्यूवर ठेवल्या की खालच्या बाजूला वाफ धरते आणि मेहनतीने आणलेला कुरकुरीतपणा पाच मिनिटांत जातो.

दुसऱ्या घाण्याआधी आच बारीक करा, टिश्यूची घडी चिमट्यात धरून तव्यावरचे काळे कण पुसून घ्या आणि नवं तेल घाला. हे वीस सेकंदांचं काम टाळलं की सगळा धूर दुसऱ्या घाण्यात होतो.

## टप्पा ७: ओव्हन किंवा एअर फ्रायर

अख्खा बांगडा आणि जाड रावस यांच्यासाठी. शिंतोडे पेटीच्या आतच राहतात हा मोठा फायदा.

ओटीजी (घरातला छोटा विजेचा ओव्हन) २२० अंशांवर १५ मिनिटं आधी तापवा. इथे घाई केली की मासा कोमट पेटीत पाणी सोडत बसतो. ट्रेमध्ये ओव्हनसाठीचा बेकिंग पेपर घाला. मेणाचा कागद नको, तो धुरतो. ट्रेवर जाळी आणि जाळीवर मासा, म्हणजे सुटलेली चरबी खाली पडते आणि मासा तिच्यात पोहत नाही. बांगड्याला दोन्ही बाजूंनी तीन-तीन तिरके काप द्या, मसाला कापांत भरा, वरून ब्रशने तेलाचा हात फिरवा.

वेळेचा हिशेब जाडीवरून करा, वजनावरून नाही. सगळ्यात जाड जागी २.५ सेंटिमीटरला साधारण १० मिनिटं. घरगुती ओटीजीत दार उघडलं की उष्णता पटकन जाते, म्हणून दोन-तीन मिनिटं जास्त धरा आणि मधे दार उघडू नका. शेवटची दोन मिनिटं फक्त वरचा रॉड चालू ठेवला की कातडी खरपूस होते.

एअर फ्रायरमध्ये १९० अंश, १० ते १२ मिनिटं, एकच थर. त्याच्या पंख्याने सुटा रवा उडून वरच्या कॉइलवर जाऊन जळतो, त्यामुळे रवा नीट दाबून वरून तेलाचा फवारा मारा.

सावधान: चिंच, कोकम किंवा लिंबाचा मसाला थेट ॲल्युमिनियम फॉइलला लागू देऊ नका. आंबटाने फॉइलला भोकं पडतात आणि धातूची चव उतरते. फॉइल गुंडाळायचीच असेल तर आत बेकिंग पेपरचा थर द्या. फॉइलची मोकळी टोकं रॉडला टेकणार नाहीत हे पाहा.

## टप्पा ८: केळीच्या पानात, ढोकळ्याच्या भांड्यात

सगळ्यात कमी वास, शिंतोडे शून्य, आणि बडोद्याच्या प्रत्येक घरात याचं भांडं आधीच आहे. पारशी घरांतली पात्रा नी मच्छी याच पद्धतीने होते. ओलं खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, जिरं, लिंबू आणि चिमूटभर साखर यांची चटणी पाणी न घालता वाटायची. पातळ चटणी पानातून खाली गळते आणि माशाला चव राहत नाही.

खंडेराव मार्केटात भाजी घ्यायला गेलात की केळीच्या पानाची चौकशी करा. पानाची मधली जाड शीर काढा, पान जाळावरून सरकन फिरवा. रंग गडद होऊन ते लवचीक झालं की थांबा. न शेकलेलं पान घडीवर फाटतं. चटणी, तुकडी, पुन्हा चटणी, घट्ट घडी, वर दोरा.

ढोकळ्याच्या भांड्यातलं पाणी पूर्ण उकळल्यावरच पुड्या आत ठेवा. तुकड्यांना १२ ते १५ मिनिटं, अख्ख्या मध्यम पापलेटला २०. झाकणाला आतून कापड बांधा, नाहीतर वाफेचं पाणी पुड्यांवर टपकतं. ढोकळ्याच्या ताटल्या माशासाठी वेगळ्या ठेवा. कुकर वापरत असाल तर शिटी काढून ठेवा आणि रबरी रिंगही वेगळी ठेवा. रबरात शिरलेला वास धुऊन जात नाही आणि रविवारच्या ढोकळ्याला लागतो.

## टप्पा ९: आवराआवर, याच क्रमाने

१. तवा कोमट असतानाच उरलेलं तेल वर्तमानपत्राने टिपून घ्या आणि कागद कचऱ्याच्या पिशवीत टाका. मोरीत तेल ओतू नका. पाइपमध्ये ते साकळतं आणि वास तिथून आठवडाभर वर येत राहतो.

२. कच्च्या माशाची भांडी आधी थंड पाण्याने विसळा. गरम पाणी पहिल्यांदा घातलं तर प्रथिनं भांड्याला शिजून चिकटतात. थंडानंतर साबण आणि गरम पाणी.

३. बिडाचा तवा भिजत घालू नका. मिठाने घासून पुसा, शेगडीवर कोरडा करा, तेलाचा पातळ हात लावा.

४. सुरी, पाट, नळाची चावी, फ्रीजचं हँडल. हात लागलेल्या या जागा विसरल्या जातात. साबणाने पुसा.

५. ग्रॅनाइटचा ओटा असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा, उरलेला वास दबतो. ओटा कोटा किंवा संगमरवरी असेल तर व्हिनेगर आणि लिंबू दोन्ही लावू नका. हे दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड आहेत. आंबटाने त्यांची झिलई कायमची जाते. तिथे साबण आणि कोमट पाणी पुरे.

६. मासे पुसलेलं कापड लगेच व्हिनेगरच्या पाण्यात बुडवा आणि त्याच दिवशी वेगळं धुवा. कपड्यांच्या टोपलीत जाऊ देऊ नका.

७. पिळलेल्या लिंबांची सालं पातेल्यात पाणी घालून दहा मिनिटं उकळा. एक्झॉस्ट त्यानंतरही अर्धा तास चालू राहू द्या.

मासे उरले तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजेत, उन्हाळ्यात तासाभरातच. काचेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. प्लास्टिक वास धरतं. दुसऱ्या दिवशी संपवा. गरम करताना मायक्रोवेव्ह नको, एका मिनिटात सगळं घर माशाच्या वासाने भरतं आणि रवाही चिवट होतो. झाकण न ठेवता तव्यावर, बारीक आचेवर, बिनतेलाचे, दोन्ही बाजू चांगल्या वाफाळेपर्यंत.